विहिरीतला मामा टीव्हीवर

भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की आजही मी उठून चहा टाकायला जाते. विश्वासच नाही माझा! पण ही गोष्ट मी स्वतः पाहिली... भर दुपारी, आईसोबत.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा उन्हाळा असेल. आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला राहत होतो. नवाकोरा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घरी आलेला, आणि आदल्या संध्याकाळच्या वादळात गच्चीवरचा अँटेना पाइपासकट अंगणात पडला! दांड्या वाकल्या, वायर तुटली. दुसऱ्या दिवशी दादाने तो सरळ करून पुन्हा वर चढवला. आता चालतो की नाही? कार्यक्रम तर संध्याकाळी सुरू व्हायचे. दादा गच्चीवरून ओरडला, "टीव्ही लावून ठेव, गरम होऊ दे. वायर जोडली की मुंग्या कमी होतात का, ते सांग!"

मी बटण दाबलं. पडदाभर मुंग्या... आणि एकदम चित्र! स्वच्छ, स्थिर. संत्र्याची झाडं, एक विहीर, काठावर उभी मोटरसायकल. आवाज मात्र नव्हता.

"दादा, आलं! आलं!" मी नाचायलाच लागले.

"काय आलं? वायर माझ्या हातात आहे अजून!"

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली नि जागीच थांबली. "हे तं आपल्या वावरातली विहीर हाय वं... देवाची गाडी हाय ते!"

देवा म्हणजे माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. नरखेडकडे त्याची संत्र्याची बाग. मी पडद्याला नाक लावून पाहिलं. विहिरीत खाली, पंपाच्या पाइपाला घट्ट धरलेला एक हात दिसला... आणि चित्र गेलं. पुन्हा मुंग्या.

दादा खाली आला, हसायला लागला. "आई, कुठल्या तरी सिनेमातलं असेल."

"सिनेमात देवाची गाडी कायले येईन?" आई अनवाणीच धावली, शेजारच्या तिवारीजींकडे. त्यांच्याकडे फोन होता.

"भाभी, हुआ क्या?"

"लाइटनिंग कॉल लावा, भाऊ! माझा भाऊ विहिरीत हाय!"

लाइटनिंग म्हणजे सगळ्यात तातडीचा, महागडा ट्रंक कॉल. मामाच्या गावात एकच फोन, सरपंचांकडे. लाइन लागेपर्यंत आमचा जीव टांगणीला! शेवटी लागली. आई किंचाळलीच, "देवाच्या विहिरीवर माणसं धाडा!" पलीकडे कोणीतरी "काहून? काय झालं?" विचारत राहिला, पण माणसं गेली.

फोन परत आला तेव्हा तिवारीजींनी रिसीव्हर आईच्या हातात दिला. मामा जिवंत होता! पंप पाहायला उतरताना पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. बागेत दुसरं कोणीच नव्हतं. पाइप धरून धरून हात सुटायला आले होते, म्हणे. आई तिथेच फरशीवर बसून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली.

मामा आणखी पुष्कळ वर्षं जगला. दादा पुढे टेलिफोन खात्यात इंजिनिअर झाला. त्याने लहरी, परावर्तन, सगळं समजावून पाहिलं, पण दर वेळी शेवटी स्वतःच म्हणायचा, "पण वायर तर माझ्या हातात होती!" मामाला मात्र कधी नवल वाटलंच नाही. कोणी विचारलं की म्हणायचा, "त्यात काय हाय गा? माही बहीण मले पाहून राहिली होती."