शांताचा खोकला, माझं नाव

सक्करदऱ्याच्या दवाखान्यात मला क्षय निघाला, त्या दिवशी मी एकदम ठणठणीत होते. पाणी भरून, स्वयंपाक आटपून, बाळाला कडेवर घेऊन चालत गेले होते... आणि डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते, की मी आता तिथेच आडवी होते की काय.

क्षय माझा नव्हताच. तो होता शेजारच्या शांताचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे मिस्टर कापडगिरणीत होते. पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे, त्यामुळे आमच्या घराला कार्ड होतं आणि गिरणी कामगारांच्या विम्याच्या दवाखान्यात औषध फुकट. शांताचा नवरा हातमागावर लुगडी विणायचा. कापड दोघंही करायचे, पण कार्ड एकालाच!

सरकारी मोठ्या दवाखान्यात तिला फुकट दाखवता आलं असतं. पण तिथे एका चकरेत अख्खा दिवस जायचा, आणि औषध कधी असायचं, कधी बाहेरून आणायची चिठ्ठी मिळायची. शांताने सुताच्या कांड्या भरून दिल्या नाहीत तर नवऱ्याचा माग थांबायचा... आणि माग थांबला की चूल.

म्हणून आमच्या गल्लीत एक पद्धतच पडली होती. ताप कोणालाही येवो, दवाखान्यात तो गिरणीवाल्याच्या बायकोला यायचा. मी घरून बाटली न्यायचे, तिथे जाऊन खोकायचे आणि मिक्श्चर आणून शांताला द्यायचे. तिच्या सासूला आमच्या बौद्धाच्या घरचं पाणी चालत नसे... माझ्या नावाचं औषध मात्र बिनतक्रार चालायचं. राग यायचा मला. पण शांता माझी मैत्रीण होती, आणि तिचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

गर्दी इतकी असायची, की डॉक्टर वर न बघताच मिक्श्चर लिहायचे. शेवटी एकदा त्यांनी थुंकी तपासायला डबी दिली. मी ती शांताकडून भरून आणली. रिपोर्ट आला आणि मी क्षयाची पेशंट झाले.

डॉक्टर म्हणाले, गोळ्यांबरोबर रोज सुई घ्यावी लागेल. त्यांची बदली झाली होती, सोमवारपासून नवे डॉक्टर सुया सुरू करणार होते.

इथे आमची पद्धत अडली. औषध बाटलीतून आणता येतं, सुई कशी आणणार? दंड शांताचाच लागणार होता. आणि सुई नाही मिळाली तर शांता काही वर्षभर टिकत नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. तिची दोन्ही पोरं लहान होती.

नवे डॉक्टर मला ओळखत नव्हते, एवढाच काय तो आधार. सोमवारी शांता माझ्या नावाने ‘कुसुम’ झाली, मी तिची जाऊ झाले. पकडलो गेलो तर आमचं कार्ड जाणार, म्हणजे माझ्या बाळाचंही औषध जाणार. वाटभर मी तिच्याकडून घोकून घेतलं. नाव कुसुम, नवऱ्याचं नाव सुखदेव.

डॉक्टरांनी विचारलं, “नाव?”

“कुसुम.”

“नवऱ्याचं नाव?”

“सुखदेव!” शांता शाळेतल्या पोरीसारखी ठणकावून बोलली.

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे... आणि माझा पदर तोंडाशी गेलेला होता! नवऱ्याचं नाव कानावर पडलं आणि मी सवयीने लाजले होते.

“बाई, मी इथलाच आहे,” डॉक्टर म्हणाले. “माझी आई अजून माझ्या वडलांचं नाव घेत नाही.”

झालं. शांता रडायलाच लागली.

“खोकला माहाच आहे साहेब, नाव तेवढं हिचं आहे. आमचा मानूस मागावर बसते. माग कुठं कार्ड देते?”

डॉक्टर ओरडतील, कार्ड ठेवून घेतील, असं मला वाटत होतं. त्यांनी उकळत्या भांड्यातून सिरिंज काढली आणि शांताला बाही वर करायला सांगितली. सुई देऊन झाल्यावर म्हणाले, “उद्यापासून कोणी नवऱ्याचं नाव विचारलं, तर लाजायचं. घ्यायचं नाही.”

बाहेर येऊन आम्ही दोघी आधी रडलो आणि मग इतकं हसलो, की माझ्या कडेवरचं बाळ घाबरलं.

पुढे कितीतरी महिने शांता रोज जाऊन लाजत राहिली. शेवटी कार्डावर माझा क्षय बरा झाला. मला न झालेला! त्या डॉक्टरांचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून आज इथे मानते. पण एक सल आहेच... आमच्या गल्लीतल्या सगळ्याच मागवाल्यांना गिरणीवाली शेजारीण नव्हती. काही जणी खोकत खोकतच गेल्या.

परवा शांताला घेऊन प्रताप नगरला गेले होते. तिचं आरोग्य कार्ड काढायचं होतं, आयुष्यातलं पहिलं, स्वतःच्या नावाचं. कॉम्प्युटरवरच्या मुलीने विचारलं, “आजी, नवऱ्याचं नाव?”

शांताने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

“सांग ना वं कुसुम.”

मी सांगितलं. या वेळी खरं.