आक्कासाठी ब्लॉग

शाहूपुरीतल्या नेट कॅफेत ते रोज माझ्या शेजारी बसत. बौद्ध तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. संकोचापायी मी त्यांचे नाव कधी विचारले नाही. आजऱ्याची त्यांची थोरली बहीण रोज पाली वंदना म्हणे, अर्थ मात्र तिला ठाऊक नव्हता. तिला कळावे म्हणून ते ब्लॉग लिहीत आणि प्रत्येक परिच्छेद आधी मला वाचून दाखवत. मी सभ्यपणे मान डोलवी.

एकदा ते मध्येच थांबले. "पावणं, आमची आक्का बी अशीच मान हालवती. खरं सांगा, कळलं व्हय?"

"नाही," मी कसेबसे म्हणालो.

ते एकदम खुलले. सकाळभर टंकलेले सारे पुसून त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. "मग सांगा की, कुठं अडलं?"

इतकी वर्षे शिकलो. एवढ्या आनंदाने हे मला कोणी विचारले नव्हते.