तालमीच्या रंगातली जर्सी

कपडे रंगवायची पुडी उकळत्या पाण्यात सोडली की उठणारा कडवट वास आला, की मला कोल्हापुरातल्या एका तालमीचं अंगण आठवतं. देशाच्या फुटबॉल संघाची जर्सी कशी बदलत गेली, यावर मी लिहीत होतो. एका जुन्या दौऱ्याचे सगळे फोटो कृष्णधवल होते. तेव्हाचा निळा नेमका कसा होता, हे सांगणारी एकच जर्सी माझ्या माहितीत उरली होती. ती घालून खेळलेल्या वृद्ध खेळाडूनं ती आपल्या पेठेच्या, फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमीला दिली होती आणि तेच मला ती दाखवायला घेऊन गेले. अंगणातल्या तारेवर जर्सी वाळत होती, काळपट लाल. खाली पातेल्यातलं पाणी अजून वाफाळत होतं. “उद्या काचंत बसवणार हाय, पावणं,” तालमीचा अध्यक्ष अभिमानानं म्हणाला. “निळा पलीकडच्या पेठेचा रंग. आमच्या भिंतीवर न्हाय चालत.” “आरं, त्यो देशाचा रंग हुता की!” म्हातारे ओरडले. “देश ऱ्हाऊ द्या काका, रविवारी त्यांच्याशीच फायनल हाय.” तालमीतले सगळे हसले. म्हाताऱ्यांनी जर्सी तारेवरून ओढली आणि कॉलरची शिवण दातांनी उसवली. “फाडताय व्हय?” “माझी हाय!” शिवणीच्या आत, रंग पोचला नव्हता तिथं, नखाएवढा फिकट निळा उरला होता. माझ्या लेखातली त्या रंगाची नोंद तेवढ्याच कापडावरून केलेली आहे. परवा पुन्हा त्या तालमीत गेलो. उसवलेली कॉलर शिवून जर्सी काचेत बसवली आहे, लालच. खाली पितळी पाटी आहे: ‘देशासाठी खेळताना घातलेली जर्सी.’