अण्णाचा गाल आणि एक ग्रीक शब्द

परवा सकाळी देवपूजा आटोपून चहाचा कप हातात घेतला, एवढ्यात अण्णा आला. माझा थोरला भाऊ. वडगावात पॉवरलूमवर साड्या विणतो. हातात नातीच्या शाळेचं इंग्रजी पत्र होतं.

अण्णाला वाचता येत नाही. कुठलाही कागद आला की तो माझ्याकडे घेऊन येतो... इतक्या वर्षांत त्यात काही वेगळं वाटेनासं झालंय.

पत्रात होतं, मुलीला डिस्लेक्सिया आहे, घरच्यांनी भेटायला यावं. शब्द कानावरून गेलेला, पण नीट माहीत नव्हता. मोबाईलवर शोधला. मूळ ग्रीक. ‘डिस’ म्हणजे अवघड, ‘लेक्सिस’ म्हणजे शब्द. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने तो शब्द घडवला. आज त्याचा अर्थ असा, की डोळे चांगले, बुद्धी चांगली, तरी वाचणं मात्र जड जातं...

अण्णाला हे सगळं सांगितलं.

“म्हंजे पोरगी ढ न्हाय?”

“न्हाय अण्णा. शिकवायची पद्धत येगळी लागती, एवढंच.”

तो पत्राची घडी घालत राहिला. मग म्हणाला, “मग मी बी न्हवतो व्हय रं?”

चहा न घेताच तो गेला.

सदलग्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत अण्णा दोनदा नापास झाला आणि आम्ही दोघं एकाच वर्गात आलो. वाचताना जो अडखळेल त्याचं डाव्या हाताने नाक धरायचं आणि उजव्या हाताने थोबाडीत द्यायची, अशी शिक्षा होती. ती द्यायची नीट वाचणाऱ्या मुलाने. नीट वाचणारा मी होतो... आणि रोज अडखळणारा अण्णा.

हळू मारलं तर गुरुजी मलाच हाणायचे. म्हणून मी जोरात मारायचो. आणि खरं सांगायचं तर, पहिला नंबर असल्याचा थोडा आनंदही व्हायचा. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रोज देवापुढे बसतो, तिथेही नाही.

वडिलांनी त्याला निपाणीला नेऊन डोळे तपासून आणले. डोळे ठणठणीत निघाले. मग सगळ्यांनीच ठरवून टाकलं, पोरगं ढ आहे. चौथीतच शाळा सुटली. आज साडीच्या काठात एक धागा चुकला तरी अण्णाला लांबून दिसतो... तो ग्रीक शब्द तेव्हाही जगात होता. आमच्या गावापर्यंत पोचला नव्हता.

दोन दिवस हे लिहीत होतो. मग लक्षात आलं, ज्याची माफी मागायची तो सोडून बाकी सगळे हे वाचतील.

आज सकाळी वडगावला गेलो. अण्णाने माग बंद केला. वर लिहिलंय ते सगळं त्याला मोबाईलवरून वाचून दाखवलं. वाचताना मीच दोनदा अडखळलो.

“आता तुझं नाक कुणी धरायचं रं?” तो म्हणाला. पण हसला नाही.

मग मागाकडे बघत बोलला, “मार लई लागायचा न्हाय. शाळा सुटल्यावर तू पोरांसंगट फुडं जायचास, माझ्यासंगट चालायचा न्हाईस... ते लागायचं.”

मी वाकून त्याचे पाय धरले. “सोड रं, कामं हाईत,” म्हणाला आणि माग चालू केला. त्या खडखडाटात मग काहीच ऐकू येईना.

चाळीस वर्षं राहिलेली माफी आज मागून आलो.