चिठ्ठ्यांवरची माझी सही

ताई आमच्या शाळेत आली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं, हे आधीच सांगून टाकते. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

ती कुठल्याशा संस्थेकडून यायची, दर गुरुवारी, शेवटच्या दोन तासिकांना. चोवीस-पंचवीस वर्षांची, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, पाठीला ही भलीमोठी सॅक. काम काय, तर मुलांना आपल्या मनातलं ओळखायला आणि बोलायला शिकवायचं. मी परळच्या त्या मराठी शाळेत बावीस वर्षं शिकवत होते. पाचवीचा वर्ग माझा. मला वाटलं, हे काय शिकवायचं? लागलं की रडतात, गंमत वाटली की हसतात. त्यापेक्षा भागाकार शिकव ना बाई, पुण्य लागेल.

वर्गशिक्षिकेने वर्गातच थांबायचं असा मुख्याध्यापकांचा हुकूम होता. म्हणून मी मागच्या बाकावर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायचे आणि तपासता तपासता सगळं बघायचे. मुलं बाक सरकवून जमिनीवर गोल करून बसायची. एक मऊ चेंडू फिरायचा. चेंडू ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. त्याचं बोलून झालं की बाकीच्यांनी हसायचं नाही, शहाणपणा शिकवायचा नाही, नुसतं म्हणायचं, "ऐकलं." माझ्या तासाला साधं उत्तर द्यायचं तर ज्यांची दातखीळ बसायची, ती कार्टी तिथे घडाघडा बोलायची. वर्गातल्या सगळ्यात दांडगट मुलाने एकदा सांगितलं, त्याला अंधारात जिन्यावरून जायची भीती वाटते. जूनपासून तो माझ्या हाताखाली होता! मला कधी बोलला? मी लाल पेन इतकं दाबलं की कुणाच्या तरी वहीचं पान फाटलं.

शिक्षकांच्या खोलीत एक बाई चहा ओतता ओतता म्हणाली, "तुमचा वर्ग गेला हो ताईकडे." सगळ्या हसल्या. मीही हसले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

तरी सगळ्या वर्गाचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. खरं दुखणं होतं एका मुलीचं. कॉटन ग्रीनहून यायची, बारीक चणीची, वहीच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात छत्री काढणारी. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाला टेकून उभी राहायची. मी घावणे आणले की अर्धे तिचे. मला मुलगी नाही. ती माझी होती. असं म्हणू नये, पण होती. दिवाळीची सुट्टी संपवून आली ती गप्पच. विचारलं की, "काही नाही बाई." आणि गुरुवारी बघावं तर ताईच्या मांडीला मांडी लावून बसलेली!

मग ताईने पेटी आणली. पुठ्ठ्याचा खोका, वर चिठ्ठी टाकायला फट. ज्याला तोंडाने सांगवत नाही त्याने लिहायचं, नाव घालायचं नाही, घडीवर आपली एक खूण काढायची. गुरुवारी ताई सगळ्या चिठ्ठ्या मधे पसरायची. ज्याने त्याने आपली ओळखून उचलायची, वाटलं तर वाचून दाखवायची, नाहीतर खिशात घालायची. तिला स्वतःहून दिली तरच ती वाचायची, एरवी उघडतसुद्धा नसे. बाकीचा आठवडा पेटी माझ्या कपाटात. चावी माझ्याकडे. आता बोला!

एका बुधवारी शाळा सुटल्यावर मी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि पेटी टेबलावर उपडी केली. एकेक चिठ्ठी उघडून वाचली. मी माझंच नाव शोधत होते, खोटं कशाला बोलू. निदान एकाने तरी लिहिलं असेल, बाई आवडतात. छे! मग छत्रीची चिठ्ठी हाती आली.

"आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. भाजी कुठली आणायची तेपण मी जाऊन विचारते. बाईंना सांगणार होते पण बाई लगेच आईला शाळेत बोलावतील."

पोरीची दया यायला हवी होती. आली, पण नंतर. आधी आलं ते हे, की एवढं सगळं हिने त्या कालच्या पोरीच्या पेटीत टाकलं. आणि वर माझ्याबद्दल जे लिहिलं ते शंभर टक्के खरं. मी आईला बोलावलंच असतं, दुसऱ्याच दिवशी. बाकीच्या चिठ्ठ्या मी घड्या घालून परत टाकल्या. ती एक पर्समध्ये ठेवली. का, ते विचारू नका. ती माझ्याजवळ असायला हवी होती, एवढंच.

गुरुवारी ताईने चिठ्ठ्या पसरल्या. पहिल्या मुलीने आपली उघडली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ही तुमची सही आहे."

दुसरीने उघडली. तिसऱ्याने. सगळ्यांवर लाल पेनाने बरोबरची खूण, खाली माझी सही आणि तारीख. बावीस वर्षांचा हात! पान वाचून झालं की आपोआप चालतो. माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"अगं, चुकून वह्यांत आल्या असतील," मी म्हटलं. दहा वर्षांची मुलं, पण त्यांना एवढं कळतं.

ताईचा चेहरा लाल झाला होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाई, गोलात येता?"

कुरकुरणारे गुडघे दुमडून मी खाली बसले. चेंडू हातात आला. "मी तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या," मी म्हटलं. "तुम्ही ताईला सगळं सांगता, मला काहीच सांगत नाही. म्हणून मी जळले. वाचायला नको होत्या."

दोघं-तिघं पुटपुटली, "ऐकलं." सगळी नाही.

ती मुलगी अजून मधे चिठ्ठ्या चाचपत होती. तिची सापडेना. मग ती उठून माझ्यासमोर आली.

"बाई, माझी द्या."

सगळ्यांच्या देखत मी पर्स उघडली. चिठ्ठी देताना म्हटलं, "बाळा, मी आईला नाही हं बोलावणार."

"हो बाई," ती म्हणाली. गृहपाठ सांगितल्यावर म्हणते, त्याच आवाजात. तिने चिठ्ठी उघडून माझी सही पाहिली, परत घडी घातली, ती ताईच्या हातात दिली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

आणि काय सांगू, त्या क्षणीही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की मला का नाही दिली.