मुखवटा निघाला तेव्हा
लालबागला खालच्या मसाला कुटायच्या डंकावरून मिरचीचा खाट वर आला आणि फोनवरच्या जुन्या कार्टूनवर माझं बोट अडखळलं. दर भागात भुताचा मुखवटा ओढून काढत आतला चोर पकडणारी ती मुलं!

लहानपणी एकदा ताई नळाच्या रांगेत होती, मी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर. मुखवटा निघाला नेमका तेव्हाच असाच खाट उठला, डोळे मिटले. काहीच दिसलं नाही.

“भूत कोण निघालं रे?” ताईनं विचारलं.

“चौकीदार. आईशप्पथ!” मी ठोकून दिलं.

त्या संध्याकाळी आईचा खोकला थांबेना. माझ्या खोट्या शपथेनंच, या भीतीनं मला घास उतरेना.

आज, पन्नाशीत, श्वास रोखून तोच भाग शेवटपर्यंत पाहिला. चौकीदारच होता. हुश्श करतोय तोच आतून आई खोकली.

मी धावलोच.