पाठदुखीच्या जागेवर

ज्या माणसाच्या जागेवर मी शिकवत होते, तो मला रोज सकाळी दिसायचा. महाडहून निघालेली एस.टी. पोलादपूरच्या स्टँडवर थांबली की समोरच त्याचं दुकान. सिमेंट, पत्रे, सळया. कागदोपत्री तो पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला होता. प्रत्यक्षात हमाल वेळेवर आला नाही, तर स्वतःच गोणी खांद्यावर घेऊन टेम्पोत टाकायचा. मी खिडकीत दिसले की हात वर करून विचारायचा, "काय बाई, मुलं काय म्हणतात?"

पहिल्या वर्षी मी हसून मान हलवायचे. दुसऱ्या वर्षी खिडकी सोडून पलीकडच्या बाजूला बसायला लागले.

त्याआधी मी दोन बाळंतपणांच्या आणि एका टायफॉइडच्या जागेवर शिकवलं होतं. बी.एस्सी. झाले होते, बी.एड. केलं होतं, गणित आणि शास्त्र हे माझे विषय. या विषयांना शिक्षक मिळत नाहीत असं सगळे म्हणायचे, आणि मी सगळ्यांच्या समोर उभी होते. महाडच्या आमच्या बौद्धवाडीत मला सगळे 'बाई' म्हणायला लागले होते, पण कुठल्या शाळेतल्या बाई, हे दर सहा महिन्यांनी बदलायचं. तालुक्यातल्या कुठल्या शिक्षिकेला दिवस गेले अशी बातमी कानावर आली की मला आनंद व्हायचा. पुढे त्या आनंदाचाच राग यायला लागला. दुसरीचं पोट दिसेपर्यंत आपण घरात वाट बघत बसायचं, ही काय जगायची रीत झाली?

म्हणून पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याच्या एका गावच्या हायस्कुलात ही लांब रजेची जागा मिळाली, तेव्हा मला हायसं वाटलं. मुख्याध्यापक म्हणाले, "सरांची पाठ काही लवकर सुधारत नाही. तुम्ही निर्धास्त राहा." ते भले गृहस्थ होते. आवाज कधी चढवत नसत. पुढे मला कळलं की जिथे आवाज चढवायला हवा तिथेही ते चढवत नसत.

पावसाळ्यात वाटेतला साकव पाण्याखाली जायचा आणि एस.टी. पोलादपुरातूनच परत फिरायची. म्हणून चार महिने गावात राहायचं ठरवलं. खोली बघायला गेले. पहिल्या घरी मालकीणबाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि मग आडनाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर त्यांना आठवलं की खोली पुतण्यासाठी ठेवलेली आहे. दुसऱ्या घरी पत्रे गळत होते. तिसऱ्या घरी मी गेलेच नाही. ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीत एका एकट्या म्हाताऱ्या आजींनी पडवीच्या शेजारची जागा दिली. त्या म्हणाल्या, "रव गो बाय. माजा ल्योक म्हमईला, खोली रिकामीच हाय." सकाळी साडीचा ओचा वर धरून मी ओढा ओलांडायचे आणि शाळेत पाय पुसून वर्गात जायचे.

वर्गात मात्र मी खूश असे. हे सांगितलं नाही तर खोटं होईल. दहावीत मुली थोड्या, त्याही डोंगरावरच्या वाड्यांतून उतरून येणाऱ्या. त्यांचे बाप आणि भाऊ मुंबईला. नाचणी-वरीची कामं आयांच्या आणि या मुलींच्या अंगावर. पायथागोरसचं प्रमेय त्यांना पाठ होतं, पण ते कशाचं प्रमेय हे ठाऊक नव्हतं. एक दिवस मी त्यांना गुरं बांधायचं दावं आणायला सांगितलं. सारख्या अंतरावर गाठी मारल्या, तीन-चार-पाचचा त्रिकोण मैदानात ताणून धरला, आणि म्हटलं, "आता या कोपऱ्यात पाटी लावून बघा." पाटीचा कोपरा तंतोतंत बसला. वरच्या वाडीतली एक मुलगी, वर्गात कधीच न बोलणारी, ते दावं घेऊन घरी गेली. तिच्या घराच्या नव्या जोत्याचं काम चाललं होतं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "बाई, जोता वाकडा हाय. आयनं गवंड्याला परत बोलावलान." तिच्या तोंडावरचा तो विजय बघून मी ऑफ तासातही हसत होते.

आणि एप्रिल संपत आला की तो यायचा.

शाळेचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. इस्त्रीचे कपडे घालून तो यायचा, मस्टरवर सही करायचा, मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घ्यायचा. त्या दिवशी त्याची पाठ बरी व्हायची. कामावर हजर झाला म्हणून सगळी मे महिन्याची सुट्टी त्याच्या खात्यावर, पगारासकट. माझी नेमणूक त्याच दिवशी संपायची. जूनमध्ये शाळा उघडली की आठवडाभरात पाठ पुन्हा धरायची. दिवाळीतही तेच. पहिल्या वर्षी मला वाटलं योगायोग असेल. दुसऱ्या वर्षी मी मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, हे तुम्हाला दिसतं ना?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "नियमात बसतं हो. डॉक्टरचा दाखला आहे."

"दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्याच दुकानातून पत्रे घेतलेत, हे सगळ्या पोलादपूरला माहीत आहे."

"बाई, तुम्ही अजून लहान आहात," ते म्हणाले. त्यांना सगळं माहीत होतं. माहीत असून गप्प राहणाऱ्या माणसाचा मला जेवढा राग आला, तेवढा त्या गोण्या उचलणाऱ्याचाही आला नाही.

मग अलिबागहून तपासणी आली. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की उद्या दहावीवर सर स्वतः तास घेतील. मी प्रयोगशाळेत बसावं. प्रयोगशाळा म्हणजे दहावीच्या वर्गाला लागून असलेली खोली, मध्ये फळ्यांचं पार्टिशन. मी एका स्टुलावर बसले, समोर परीक्षानळ्यांचं कपाट. पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

त्याने फळ्यावर प्रमेय काढलं आणि मध्येच अडखळला. तपासनीसांनी सांभाळून घेतलं. म्हणाले, "मुलांनाच विचारू. काटकोन कसा तपासाल, पट्टी-कोनमापक नसताना?"

मग त्या वरच्या वाडीतल्या मुलीचा आवाज आला. तिने दावं, गाठी, जोतं, सगळं सांगितलं. घाबरत सुरुवात केली आणि पुढे पुढे भरभर बोलत गेली.

"वा," साहेब म्हणाले. "गुरुजी, छान शिकवलंत."

"बाईंनी शिकवलान," मुलगी म्हणाली.

"कोणत्या बाईंनी?"

आणि मग मुख्याध्यापकांचा तो मऊ आवाज. "एक बाई आहेत, मधून मधून मदतीला येतात."

मधून मधून. दुसरं वर्ष संपत आलं होतं. मी उठून दाराशी गेले, कडीवर हात ठेवला आणि तिथेच थांबले. आत गेले असते तर दुसऱ्या दिवसापासून माझं काम गेलं असतं, एवढंच. मी कडी काढली नाही. साहेब गेल्यावर त्या मुलीला ऑफिसात बोलावून 'विचारलं तेवढंच बोलावं' असं सुनावण्यात आलं. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिला नेमकं काय चुकलं ते कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं.

पुढच्या वर्षी हायवेला बांधकामं वाढली, दुकान दुप्पट झालं, आणि त्याने एकदाचा राजीनामा दिला. जागा मोकळी झाली. गावात जो भेटेल तो म्हणायचा, "आता बाई कायम होनार." माझाही विश्वास बसला होता.

शाळा चालवायचे ते मुंबईकर. गावातले नोकरीला गेलेले लोक, त्यांचं मंडळ, त्यांचे पदाधिकारी. ते मे महिन्यात लग्नकार्यांना गावी आले की शाळेचा कारभार उरकायचे. मुलाखतही तेव्हाच झाली. स्टाफरूममध्ये टेबलामागे ओळीने पुरुष बसलेले. मधोमध सेक्रेटरी, सफारी घातलेले. ते म्हणाले, "बाई, तुमचा रिझल्ट एकदम फर्स्टक्लास. पण लग्नाचं काय? उद्या लग्न झालं की तुम्ही लीव्हवर जाणार. आम्ही फिर बदली शोधणार."

मी म्हटलं, "तीन वर्षं रजेवर असलेला माणूस पुरुष होता."

सेक्रेटरींच्या शेजारचे म्हणाले, "गावात राहणारा शिक्षक पाहिजे. तुम्ही ओढ्यापलीकडे राहता."

"गावात खोली द्या. उद्या सामान आणते."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मुख्याध्यापक कोपऱ्यात बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते आपल्या चपलेकडे बघत होते. गणितातला एकही प्रश्न मला कोणी विचारला नाही.

जागा सेक्रेटरींच्या भाच्याला मिळाली. इतिहास घेऊन बी.ए. झालेला, साधा मुलगा. त्याचा मला राग नाही. समीकरणं बघून त्याला घाम फुटत असणार.

जुलैत मुख्याध्यापक महाडला आमच्या घरी आले. ओल्या छत्रीसकट दारात उभे राहिले. आईने आत बोलावलं, चहा ठेवला. ते म्हणाले, "दहावीचं गणित अडलंय. आठवड्यातून तीन दिवस आलात तर बरं होईल. तासिकेवर. त्यालाही थोडं समजावून सांगा, पुढच्या वर्षीपर्यंत तयार होईल."

मी विचारलं, "म्हणजे जागा त्याची, शिकवायचं मी, आणि त्यालाही मीच शिकवायचं?"

"मुलांकडे बघून, बाई."

मुलांकडे बघून. हेच वाक्य प्रत्येक जण प्रत्येक वेळी काढायचा. मुलांकडे बघून कमी पगारात या. मुलांकडे बघून पार्टिशनमागे बसा. मी म्हटलं, "सर, मुलांकडे एकदा तुम्ही बघा. मुलाखतीच्या दिवशी बघायला हवं होतं. चहा घ्या आणि जा."

त्यांनी चहा घेतला. शेवटच्या घोटापर्यंत घेतला, आणि गेले. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, "हातातलं काम असं घालवायचं नसतं." मी म्हटलं, "ते काम माझ्या हातात कधी होतं?"

महिन्याभराने वाड्यांतल्या मुलींच्या आया आल्या, बाजाराच्या दिवशी. डोक्यावरच्या टोपल्या अंगणात उतरवून ओट्यावर बसल्या. वरच्या वाडीतल्या त्या मुलीची आई, जिची धाकटी आता दहावीत होती, पुढे सरकून म्हणाली, "बाई, तुमी नाय तर पोरींचा काय व्हायचा? तो नवा मास्तर फळ्याकडं बगत उबा रवतो."

मी त्यांच्यावरही चिडले. म्हटलं, "मला काढलं तेव्हा तुमच्यातलं कोण बोललं? शाळा तुमच्या पोरींची आहे. माझ्या ओट्यावर येऊन काय उपयोग? गणपतीला मुंबईकर येतील, त्यांच्या मीटिंगमध्ये जाऊन बसा."

"बायका मीटिंगला जात नायत," दुसरी म्हणाली.

"मग मी काय करू?"

त्या उठल्या. मला वाटलं, संपलं. पण गणपतीत त्या खरंच गेल्या. मी तिथे नव्हते, ओढ्यापलीकडच्या आजींनी मला नंतर सांगितलं. मीटिंग चालू असताना बायका आत शिरल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. सेक्रेटरींनी घरी जायला सांगितलं, त्या हलल्या नाहीत. कोणाचा नवरा ओरडला, कोणाचा भाऊ ओरडला. वरच्या वाडीतली ती आई म्हणे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "गनिताला मानूस द्या, मग उठतो."

त्यांनी माणूस दिला. भाच्याला खालच्या वर्गांचा इतिहास दिला आणि गणिताला साताऱ्याकडचा एक नवा पोरगा आणला. तात्पुरता. एप्रिलअखेर नेमणूक संपणारा. मला कोणी बोलावलं नाही. बायकांनी माझं नाव घेतलं होतं की नाही, ते मी आजींना विचारलं नाही. त्यांच्या पोरींना शिक्षक मिळाला, त्या माझ्यासाठी बसल्या नव्हत्या. हे मला समजत होतं आणि तरी लागत होतं.

त्यानंतर मी तुडीलच्या बाजूला, सावित्रीच्या काठच्या एका शाळेत लागले. तिथेही आधी हंगामी, मग पुन्हा हंगामी. माझ्या मागून आलेली माणसं कायम झाली, त्यांनी सायकली घेतल्या, घरं बांधली. मला कायम केलं तेव्हा केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. ऑर्डर हातात देताना तिथले मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पेढे हवेत."

मी म्हटलं, "पेढे कसले? इतकी वर्षं जे काम करत होते, तेच उद्यापासून करणार आहे."

स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाईंना शिष्टपणा फार, असं नंतर कोणीतरी बोललं. बोलू दे. मी तास घ्यायला गेले.

आईने मात्र दुसऱ्या दिवशी वाडीत घरोघरी पेढे वाटले. मला न विचारता. शेजारणींना सांगत होती, "देर झाली, पण झाली." देर का झाली, कोणी केली, हे तिने एकालाही सांगितलं नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते. तिच्या हातातला पुडा घेऊन फेकून द्यावासा वाटला. मग तिने उरलेला एक पेढा माझ्यापुढे धरला, आणि मी तो खाल्ला.